शब्दागणिक फी: इंग्लंडमध्ये घराचे कागद कोण वाचतं आणि कशासाठी

भूमापनाच्या इतिहासावर पीएचडी करणारी मुलगी वकिलांच्या फीबद्दल का लिहितेय, असं तुम्हाला वाटलं तर ते रास्तच आहे. संशोधनात असं होतं. प्रश्न एका गावचा असतो आणि उत्तर भलत्याच गावी सापडतं. माझा प्रश्न नकाशांचा होता. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये जमिनीच्या मालकीची सरकारी नोंदवही सुरू करणारा कायदा झाला. मिळकतीची हद्द नेमकी आखायची, मालकी तपासायची, नोंद करायची आणि मग सरकारनेच हमी द्यायची की मालक हाच. कागदावर योजना सुंदर होती. पण नोंद करून घ्यायला लोक फारसे आलेच नाहीत. का आले नाहीत, याचा माग काढता काढता मी नकाशे सोडून वकिलांच्या बिलांपाशी येऊन पोचले.

तिकडे घर किंवा जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कायदेशीररीत्या नेण्याच्या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही. सोसायटीच्या सभेत ‘कन्व्हेयन्स झालाय का’ यावरून आवाज चढतात, तो हाच. इंग्लंडमध्ये हे काम मुख्यतः सॉलिसिटर करतात. कोर्टात बाजू मांडणारा बॅरिस्टर वेगळा. सॉलिसिटर म्हणजे कागद वाचणारा, कागद लिहिणारा, पक्षकाराशी रोजचा संबंध असणारा वकील.

मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला तपासू शकाल. घराचे कागद वाचणाऱ्याला पैसे नेमके कशाचे मिळतात, यावर तो काय वाचतो आणि काय सोडून देतो हे ठरतं. इंग्लंडमध्ये फी मोजायची पद्धत बदलत गेली, तसं कामाचं रूपही बदलत गेलं. आज कोणी घर घेत असेल, तिकडे किंवा इकडे, तर वकील निवडताना हा इतिहास उपयोगी पडतो.

मध्ययुगात जमीन देणं हा जमिनीवरच उरकायचा विधी होता. साक्षीदारांसमोर देणारा घेणाऱ्याच्या हातात मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी ठेवायचा. आपल्याकडे दान देताना हातावर उदक सोडत, तसंच काहीसं. यात एक सोय होती: व्यवहार झाल्याचं गावाला कळायचं. पुढे लेखी दस्त आले आणि गुपचूप व्यवहार करता येऊ लागले. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात यावर उपाय म्हणून कायदा झाला, की जमिनीच्या कायम मालकीचा विशिष्ट प्रकारचा विक्री-करार सरकारी दफ्तरी नोंदवलाच पाहिजे.

वकिलांनी काय केलं पाहा. कायदा कायम मालकीच्या विक्रीला लागू होता, मुदतीच्या पट्ट्याला नव्हता. म्हणून आधी खरेदीदाराला एक वर्षाचा पट्टा द्यायचा आणि लगेच दुसऱ्या दस्ताने उरलेला हक्क सोडून द्यायचा. दोन दस्त झाले, मालकी गेली, नोंद कुठेच नाही. ही पळवाट १८४१ पर्यंत राजमार्गासारखी वापरली गेली. यात फक्त वकिलांची हुशारी होती असं नाही. जमीनदार घराण्यांनाही आपली गहाणं आणि मुलींच्या लग्नातल्या तरतुदी चारचौघांत नको होत्या. आणि गंमत म्हणजे एका विक्रीला दोन दस्त, म्हणजे लिहिणावळही दोनदा.

नोंदवही सगळीकडे अशक्य होती असंही नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये १६१७ पासून दस्तांची नोंद होत होती. इंग्लंडमध्येसुद्धा यॉर्कशायर आणि मिडलसेक्समध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दस्तनोंदणी कचेऱ्या निघाल्या होत्या. बाकी देशात मात्र मालकीचा पुरावा म्हणजे घरातली किंवा वकिलाच्या कपाटातली दस्तांची पेटी.

आता ही पेटी डोळ्यांसमोर आणा. विकणाऱ्याला दाखवावं लागायचं की मला ही जमीन अमुककडून मिळाली, त्याला तमुककडून, अशी अखंड साखळी. मागे कुठपर्यंत जायचं? रूढीने साठ वर्षं. १८७४ च्या कायद्याने ती चाळीसवर आली, १९२५ मध्ये तीसवर, १९६९ मध्ये पंधरावर. खरेदीदाराचा वकील ती साखळी कडीकडीने तपासायचा, शंका लेखी विचारायचा, उत्तरं घ्यायचा आणि व्यवहार पूर्ण व्हायचा. दहा वर्षांनी तेच घर पुन्हा विकायला निघालं की नवा वकील तीच पेटी पहिल्यापासून वाचायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. आधीच्या वाचनाचं कुठेही काही साचत नव्हतं. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना याचा त्रास चटकन कळेल: प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने तोच प्रयोग पहिल्यापासून करायचा आणि नोंदवही मात्र कोणीच ठेवायची नाही.

१८०४ मध्ये धाकट्या पिटच्या सरकारने वकिलांवरचा मुद्रांक कर वाढवला आणि त्याच कायद्यात पैसे घेऊन दस्त तयार करण्याचा अधिकार पात्र वकिलांपुरता राखून ठेवला. कर घ्या, मक्तेदारी द्या, असा हा व्यवहार समजला जातो. ही मक्तेदारी पुढे १८१ वर्षं टिकली.

आणि या मक्तेदारीत मोजमाप कशाचं होतं? शब्दांचं. ७२ शब्दांचा एक फोलिओ धरायचा आणि फोलिओप्रमाणे आकार लावायचा. जुना इंग्रजी दस्त कधी पाहिलात तर त्यात ‘देतो, विकतो, सोडतो, हस्तांतरित करतो, कायम करतो’ अशी एकाच अर्थाच्या क्रियापदांची रांग दिसेल. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांना तर गणतीच नाही. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. एका घराच्या विक्रीला चर्मपत्राचे मोठमोठे ताव लागायचे.

इथे थांबू या. ‘शब्दांचे पैसे मिळत म्हणून दस्त लांब झाले’ हे वाक्य इतकं पटकन पटतं की त्याच्यावर संशय घ्यायलाच हवा. विज्ञानातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो तुलनेचा: फी तीच ठेवून दस्ताची भाषा बदलली, किंवा भाषा तीच ठेवून फी बदलली, असं कधी झालं का?

जवळपास तसं झालं. १८४५ मध्ये संसदेने एक कायदा केला. त्यात दस्तातल्या नेहमीच्या लांबलचक कलमांना छोटे पर्याय दिले. तुम्ही छोटं वाक्य लिहा, त्याचा अर्थ कायद्याच्या परिशिष्टातल्या लांब कलमाएवढाच धरला जाईल, अशी सोय. शिवाय या कायद्याखाली केलेल्या दस्ताचं बिल तपासताना लांबी नव्हे, तर कौशल्य, श्रम आणि जबाबदारी बघता येईल असंही लिहिलं. म्हणजे तोटाही भरून द्यायची तयारी. तरीही हा कायदा जवळजवळ कोणी वापरला नाही. ३६ वर्षं तसाच पडून राहिला आणि १८८१ मध्ये रद्द झाला.

यावरून निर्णायक काही सिद्ध होतं का? माझ्या मते नाही, पण बरंच काही सुचतं. कौशल्याचे पैसे बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते आणि शब्दांचे पैसे बोटांवर मोजता येत होते. दुसरं कारण भीतीचं. शेकडो वेळा वापरून कोर्टात टिकलेलं कलम सोडून नवं छोटं वाक्य वापरायचं, आणि ते फसलं तर दोष वकिलाच्या माथी. तिसरं म्हणजे, समोरच्या पक्षाचा वकील जुनीच भाषा मागणार.

१८८१ मध्ये मात्र गाडी हलली. त्या वर्षीच्या कन्व्हेयन्सिंग कायद्याने नेहमीची कलमं दस्तात न लिहिताही गृहीत धरली जातील असं ठरवलं, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने सॉलिसिटरांचं मानधन ठरवायची नवी व्यवस्था आणली. १८८३ च्या सुरुवातीपासून फी मिळकतीच्या किमतीवर, ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे मिळू लागली. यानंतर दस्त आखूड झाले. पण संशोधक म्हणून हात चोळायची वेळ इथेच येते, कारण दोन्ही बदल जवळजवळ एकत्र झाले. कशामुळे किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही. इतिहास तुमच्यासाठी चलं वेगळी करून ठेवत नाही. म्हणून माझ्या टिपणांत मी या घटनेपुढे ‘सुसंगत’ असं लिहिलंय, ‘सिद्ध’ असं नाही.

आता नोंदवहीकडे परत येते. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने वेगळाच कायदा करून घेतला होता. टॉरेन्स वकील नव्हता. त्याने कस्टम्समध्ये काम केलं होतं, आणि जहाजांची मालकी रजिस्टरमध्ये कशी लिहितात हे त्याने पाहिलं होतं. जहाज विकताना कोणी साठ वर्षांचे दस्त वाचत नाही. रजिस्टरमध्ये नाव कोणाचं ते बघतात. जमिनीचंही तसंच का करू नये? टॉरेन्स पद्धतीत नोंद हा मालकीचा पुरावा नसतो, तर नोंद हीच मालकी असते. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुण्यापर्यंत लागणार आहे.

इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्याचं ध्येय जवळपास हेच होतं, पण अटी जबर होत्या. मालकी अगदी निर्दोष हवी आणि हद्द नेमकी हवी. नेमकी हद्द ठरवायची म्हणजे शेजाऱ्यांना नोटिसा. पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाकडे न पाहिलेला शेजारी नोटीस हातात पडल्यावर नेमका कुंपणाकडे बघू लागतो! झोपलेले वाद जागे करायची ही सरकारी योजना ठरली. त्यातून मोठ्या प्रमाणावरच्या सरकारी नकाशांचं काम तेव्हा देशभर पूर्ण झालेलंही नव्हतं. १८७५ च्या कायद्याने नेमक्या हद्दीचा हट्ट सोडला. हद्द ‘सर्वसाधारण’ दाखवायची, कुंपणाची कोणती बाजू यात शिरायचं नाही. ही तडजोड आजतागायत चालू आहे. पण नोंदणी ऐच्छिक होती, आणि ती करा असा सल्ला पक्षकाराला द्यायचा कोणी? ज्याचं उत्पन्न नोंदणी नसण्यावर चालत होतं त्याने.

१८९७ च्या कायद्याने सक्ती आली, तीही आधी फक्त लंडनमध्ये, १८९९ पासून टप्प्याटप्प्याने. इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या भागांत विक्रीनंतर नोंदणी सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० ला. १८६२ पासून मोजलं तर १२८ वर्षं!

हा उशीर कोणामुळे, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तुमच्यासाठी तो वाचण्यासारखा आहे. अवनर ऑफर यांनी १९८१ च्या पुस्तकात सॉलिसिटरांच्या आर्थिक हितसंबंधांवर मोठा भर दिला. स्ट्युअर्ट अँडरसन यांनी १९९२ मध्ये कायदे प्रत्यक्ष कसे घडले याचा बारकाईने माग काढला, आणि चित्र तितकं सरळ राहिलं नाही. दस्त सोपे करणाऱ्या सुधारणांमागेही कायद्याच्या व्यवसायातलीच माणसं होती. नोंदवहीपेक्षा सोपा दस्त बरा, असं त्यांचं म्हणणं. स्वार्थ होता, पण तो मूर्ख स्वार्थ नव्हता. साहित्याचा आढावा लिहिताना ‘अमुक म्हणतो, तमुकही म्हणतो’ असं एकाखाली एक रचू नका. दोघं कोणत्या कागदांवरून बोलतायत ते बघा, मग वाद नेमका कुठे आहे ते कळतं.

जाता जाता एक खंत. १९२५ मध्ये साखळी तीस वर्षांवर आल्यावर जुन्या दस्तांना कायदेशीर किंमत उरली नाही. वकिलांच्या कचेऱ्यांतून चर्मपत्रांचे गठ्ठे बाहेर पडले, आणि त्यातल्या काहींचे दिव्यांचे लॅम्पशेड झाले. त्या दस्तांच्या कडेला काढलेले शेतांचे छोटे हातनकाशे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे असा लॅम्पशेड दिसला की मला प्रकाश कमी आणि अंधार जास्त दिसतो.

पुढचा भाग भराभर सांगते. किमतीवरच्या फीचं कोष्टक नव्वद वर्षं चाललं आणि १९७३ मध्ये गेलं. तोवर घरांच्या किमती भडकल्या होत्या, काम तेवढंच आणि फी मात्र किमतीबरोबर वर, हे सामान्य खरेदीदाराला खुपू लागलं होतं. १९७६ मध्ये मायकेल जोसेफ या सॉलिसिटरनेच आपल्या व्यवसायावर ‘द कन्व्हेयन्सिंग फ्रॉड’ हे पुस्तक लिहून स्वतः छापलं. १९८४ मध्ये सॉलिसिटरांना जाहिरात करायची मुभा मिळाली, आणि १९८५ च्या कायद्याने परवानाधारक कन्व्हेयन्सर हा नवा व्यवसाय निर्माण केला. १८०४ ची मक्तेदारी संपली. १९९० च्या डिसेंबरपासून नोंदवही कोणालाही फी भरून पाहता येऊ लागली.

मग स्पर्धा आली, फी उतरली, आणि आता फी बहुधा एका व्यवहाराला एक ठरलेली रक्कम अशी असते. शब्दांना पैसे होते तेव्हा वकील गरजेपेक्षा जास्त लिहायचा. आता फायली उरकण्याला पैसे आहेत, तेव्हा गरजेपेक्षा कमी वाचण्याचा मोह आहे. एकेक कर्मचारी ढीगभर फायली सांभाळतो अशा कंपन्या निघाल्या. त्यातल्या पुष्कळांकडे गिऱ्हाईक इस्टेट एजंटकडून येतं, आणि त्या बदल्यात एजंटला शिफारस-फी मिळते. एजंटला घर लवकर विकलं जायला हवं. त्याने सुचवलेला वकील ‘थांबा, हे घर घेऊ नका’ असं किती मोकळेपणाने म्हणेल, याचा विचार खरेदीदाराने करायचा असतो. ‘व्यवहार नाही तर फी नाही’ ही जाहिरात ऐकायला गोड लागते, पण तिचा अर्थ असाही होतो की व्यवहार मोडला तर वकिलाचं नुकसान. शिवाय गृहकर्ज असेल तर बहुतेकदा तोच वकील बँकेचंही काम बघतो. तो दोन धन्यांचा असतो हे माहीत असलेलं बरं.

तिकडे शिकायला गेलेले आणि स्थिरावलेले बरेच मराठी लोक आता घरं घेतायत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सॉलिसिटर की परवानाधारक कन्व्हेयन्सर, हा प्रश्न दुय्यम आहे. दोघांवरही नियामक संस्था आहेत आणि साध्या घराला दोघंही चालतात. पहिल्या फोनवर विचारायचं ते असं: माझी फाइल प्रत्यक्ष कोण वाचणार, त्याचं नाव काय, तो माझ्याशी बोलेल का? मला कोणी तुमच्याकडे पाठवलं असेल तर त्याला तुम्ही किती पैसे देता? करारांची अदलाबदल होण्याआधी मालकीबद्दलचा लेखी अहवाल मला मिळेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. विकणारा शेवटच्या आठवड्यात जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, तसे तुम्हीही मागे फिरू शकता. अदलाबदल झाली की हात बांधले गेले, आणि सहसा दहा टक्के अनामत अडकली.

आणि अडचणी कोणत्या येतात? नोंदवही आली म्हणून वाचायचं काम संपलं नाही, ते नोंदवहीबाहेर सरकलं. वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी एका जोडप्याच्या शेतजमिनीवर चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती करून द्यायची मध्ययुगीन जबाबदारी होती. त्यांनी ती नाकारली, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ मध्ये ते हरले. शेकडो वर्षांपूर्वीचा चर्चचा हक्क एकविसाव्या शतकात वसूल झाला. ऑक्टोबर २०१३ नंतर नियम कडक झाले. असा हक्क नोंदवलेला नसेल तर त्यानंतर पैसे देऊन घर घेणाऱ्यावर तो सहसा लागू होत नाही. तरी हा शोध अजून घेतला जातो.

रोजची अडचण याहून साधी असते. आधीच्या मालकाने मागे खोली वाढवली, परवानगीचा कागद सापडत नाही. यावर हल्ली सोपा उपाय म्हणजे विमा. स्वस्त असतो, एकदाच हप्ता भरायचा. पण त्याची एक अट बहुधा अशी असते की तुम्ही त्या परवानगीबद्दल कौन्सिलकडे चौकशी केलेली नसावी. विचारलंत तर विमा गेला! म्हणजे न जाणून घेण्यालाच इथे किंमत आहे. आणि हा विमा कौन्सिलने कारवाई केली तर भरपाई देतो, त्या खोलीचं छत खाली आलं तर नाही. खोली नीट बांधलीय का हे बघायला वेगळा सर्व्हेअर लागतो. वकील सहसा घर बघायला जातच नाही.

फ्लॅट किंवा काही ठिकाणी घरसुद्धा पट्ट्यावर असतं, तेव्हा पट्ट्याची किती वर्षं उरलीत आणि जमीनभाडं कसं वाढणार हे बघावं लागतं. ठरावीक वर्षांनी दुप्पट होणाऱ्या जमीनभाड्यांनी हजारो खरेदीदार अडकले. ३० जून २०२२ पासून बहुतेक नव्या लांब मुदतीच्या निवासी पट्ट्यांवर असं भाडं लावता येत नाही, पण जुने पट्टे जुनेच आहेत. २०१८ मध्ये अपील कोर्टापुढे आलेलं प्रकरण तर कादंबरीत शोभेल असं. चोराने मालक असल्याचं भासवून लंडनमधलं घर ११ लाख पौंडांना विकलं आणि पैसे घेऊन पसार झाला. खरेदीदाराच्या वकिलाचा निष्काळजीपणा नसतानाही, खरा व्यवहार झालाच नाही आणि पैसे मात्र सोडले गेले म्हणून कोर्टाने त्याला जबाबदार धरलं, आणि विकणाऱ्याच्या बाजूच्या वकिलावरही जबाबदारी टाकली. तेव्हापासून ओळखपत्रांसाठी वकील छळतात अशी तक्रार कानावर आली, तर कारण हे.

माझ्या विषयातलंही एक सांगते. नोंदवहीतला नकाशा शहरी भागात सहसा १:१२५० या प्रमाणाचा असतो. रेषेची जाडी पाव मिलिमीटर धरली तर जमिनीवर ती ३१ सेंटिमीटर होते, म्हणजे एक फूट. कुंपण सहा इंच इकडे की तिकडे, हे त्या नकाशाला विचारूच नका. नकाशाची प्रत हातात घेऊन स्वतः घराभोवती चालून या आणि जे जुळत नाही ते वकिलाला लिहून कळवा. तो तिथे गेलेला नसतो.

हे सगळं आपल्याला का लागू पडतं? कारण मुंबईने ही विद्या थेट तिकडून घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी विलायती विभागणी १९७६ अखेरपर्यंत होती. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला १८९३ मध्ये, आणि साठेखताने मालकी मिळत नाही, ती खरेदीखतानेच मिळते, हा आपला रोजचा नियम त्यातलाच. पण आपण नोंदणी घेतली ती दस्तांची. दुय्यम निबंधकाकडे तुमचं खरेदीखत नोंदलं जातं, म्हणजे असा दस्त झाला याची नोंद होते. विकणारा खरा मालक होता की नाही याची हमी सरकार देत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच सांगितलं, की विकणाऱ्याची मालकी तपासणं हे निबंधकाचं कामच नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीनेही मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगितलंय. टॉरेन्ससारखी हमीची नोंदवही भारतात आणावी असा अहवाल १९८९ मध्ये आला, आणि तो लिहिणारे डी. सी. वाधवा पुण्याच्या गोखले संस्थेतले. त्यालाही आता पस्तीस वर्षांहून जास्त झाली.

म्हणून आपल्याकडे अजून पेटी वाचावी लागते. रूढी तीस वर्षांच्या शोधाची आहे. आणि वाचणाऱ्याला पैसे कोण देतं, हा प्रश्न इथेही तसाच उभा आहे. नव्या इमारतीत तुम्हाला दाखवतात ते मालकीचं प्रमाणपत्र बिल्डरच्या वकिलाचं असतं. रेरा कायद्यात सदोष मालकीसाठी भरपाईची तरतूद आहे आणि तिला मुदतीचं बंधन नाही, पण भरपाई मागत फिरण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं. जुन्या इमारतीत बघायचं ते म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. १९६३ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत, दुसरी मुदत ठरलेली नसेल तर, बिल्डरने ती करून द्यायची. इतक्या जणांनी दिली नाही की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली.

‘बँकेने कर्ज दिलंय, म्हणजे कागद चोख असणार’ हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. बँकेचा वकील बँकेची रक्कम सुरक्षित आहे का ते बघतो, आणि ती घराच्या किमतीहून कमी असते. तरीही त्या शोध अहवालाची प्रत मागा, मिळाली तर नीट वाचा. वर ‘प्रति’ म्हणून नाव कोणाचं आहे ते बघा. शोध नेमका कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतला, आणि निबंधक कार्यालयाची पावती जोडलीय का तेही बघा. मग वर्षवार तक्त्यावर या. तिथे काही वर्षांपुढे ‘सूची क्रमांक २ ची पाने फाटलेली’ किंवा ‘पुस्तक बांधणीसाठी गेलेले’ अशा बारीक अक्षरातल्या ओळी असतात. निष्कर्षाच्या परिच्छेदात त्यांचा उल्लेख सहसा नसतो, आणि त्या वर्षांत काय झालं हे विचारायला तुमचा स्वतःचा, तुम्ही पैसे दिलेला वकील लागतो.